प्रतिस्पर्ध्याचे दिवाळे

एखाद्या रस्त्यावर किराणा मालाची दोन दुकाने समोरासमोर असावीत आणि त्यांपैकी एकाचे दिवाळे निघावे, म्हणजे दुसऱ्या दुकानदारास मनातून बरे वाटते, हा व्यवहारातील सर्वसाधारण अनुभव आहे. तोंडाने तो हळहळ व्यक्त करील, शेजारधर्मास अनुसरून सांत्वनाचे चार शब्दही बोलेल. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या दुकानी चार गिऱ्हाइके अधिक आलेली पाहून त्याचा जीव सुखावल्यावाचून राहणार नाही. हाच नियम खेळासही लागू पडतो, अशी पुष्कळांची समजूत असते. समोरचा क्लब बुडाला, तर आता मैदान आपलेच, असे त्यांना वाटते. परंतु महाराष्ट्रातील व गोव्यातील फुटबॉल क्लबांचा २०१० पासूनचा इतिहास पाहिला, म्हणजे ही समजूत किती फसवी आहे हे ध्यानात येते.

याचे कारण शोधण्यास फार खोल जावयास नको. दुकानदार आपला माल एकटा विकू शकतो. फुटबॉलचा संघ आपला सामना एकटा विकू शकत नाही. प्रेक्षक तिकीट काढतो ते एका संघाचे नसून दोन संघांच्या झुंजीचे असते. वॉल्टर नील नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली हीच गोष्ट मुष्टियुद्धाच्या दृष्टांताने मांडली. जो लुई हा जगज्जेता खरा. पण त्याच्याशी दोन हात करू शकेल असा श्मेलिंगसारखा प्रतिमल्लच उरला नाही, तर लुईची कमाई कोठून व्हावयाची? मराठी मनुष्यास हे तत्त्व समजण्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व नाटक मंडळी व ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांनी मिळून ‘मानापमान’ नाटकाचा संयुक्त प्रयोग केला. बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकाच रंगमंचावर उभे राहिले. त्या प्रयोगाची आठवण महाराष्ट्राने शंभर वर्षे जतन केली, ती दोघांपैकी कोणा एकाच्या थोरवीमुळे नव्हे. दोघे तुल्यबळ होते आणि दोघे एकत्र उभे होते, म्हणून ती टिकली.

आता ठाणे-कल्याणकडील श्रोत्यांनी एक सायंकाळ आठवून पाहावी. तारीख १८ ऑक्टोबर २०१४. इंडियन सुपर लीग ही नवी स्पर्धा त्याच महिन्यात सुरू झालेली होती आणि मुंबई सिटी या नव्या क्लबाने आपले घर म्हणून नेरूळचे डी. वाय. पाटील क्रीडागार निवडले होते. नेरूळ हे ठाणे जिल्ह्यातलेच. दक्षिण मुंबईतील कूपरेजपर्यंत जाण्याऐवजी डोंबिवलीच्या किंवा कल्याणच्या फुटबॉलप्रेमी मनुष्यास ठाण्यास गाडी बदलून थेट सामन्यास जाता येऊ लागले, हे त्या निवडीचे मोठेच सौख्य होते. त्या दिवशी समोर होता पुणे सिटी. मुंबईने तो सामना ५ विरुद्ध ० असा जिंकला आणि आंद्रे मोरित्झ या ब्राझिलियन खेळाडूने एकट्याने तीन गोल नोंदविले. मुंबई आणि पुणे यांच्यातील जुना विनोदी वाद, ज्यावर मराठी घरांतून पिढ्यान् पिढ्या गप्पा रंगल्या, त्यास प्रथमच इतके मोठे मैदान मिळाले.

त्यानंतर पाच हंगाम हा सामना वर्षातून दोन वेळा होत राहिला. २०१९ साली तो थांबला, कारण पुणे सिटी हा क्लबच उरला नाही. क्लबाची मालकी वाधवान उद्योगसमूहाशी निगडित होती. त्याच समूहाची दिवाण हाउसिंग फायनान्स ही गृहकर्ज देणारी कंपनी त्या वर्षी कर्जफेडीत चुकली आणि वर्षअखेर नादारीच्या कार्यवाहीत सापडली. क्लबाचा गाशा गुंडाळला गेला. त्याची लीगमधील जागा हैदराबाद येथील एका नव्या क्लबास मिळाली व पुण्याचे पुष्कळसे खेळाडूही तिकडे गेले.

यात मुंबई सिटीचा लाभ झाला काय? वरकरणी पाहता महाराष्ट्राचे एकमेव प्रतिनिधित्व तिच्याकडे आले. २०१९ च्या नोव्हेंबरात इंग्लंडमधील मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने तिचे ६५ टक्के भाग विकत घेतले. पुढे २०२०-२१ चे विजेतेपद आणि साखळीतील अग्रस्थान दोन्ही तिने पटकावले. हे यश निर्विवाद आहे. परंतु त्याचा पुण्याच्या अस्ताशी काडीचाही संबंध नाही. पुण्याच्या अस्ताने मुंबईस जे मिळाले ते एवढेच की, रेल्वेने तीन-चार तासांत येऊ शकणारे विरुद्ध पक्षाचे प्रेक्षक नाहीसे झाले. ज्या सामन्यासाठी एरवी फुटबॉल न पाहणारा मनुष्यही वर्तमानपत्राचे शेवटचे पान उघडत असे, तो सामना कार्यक्रमपत्रिकेतून गेला. त्याची जागा दुसऱ्या कोणत्याही सामन्याने भरून निघाली नाही.

पुणे सिटीची ही कथा एकाकी असती, तर तिला अपघात म्हणता आले असते. परंतु ती एका दीर्घ मालिकेतील केवळ शेवटची कडी होती. २००९-१० च्या हंगामात देशाच्या राष्ट्रीय लीगमध्ये, म्हणजे आय-लीगमध्ये, १४ संघ होते आणि त्यांत महाराष्ट्राचे ४ होते : महिंद्र युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफ.सी. आणि पुणे एफ.सी. त्यानंतर आठ वर्षांनी, २०१७-१८ च्या हंगामात, त्याच लीगमध्ये १० संघ होते आणि त्यांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. चाराचे शून्य कसे झाले, हे थोडे क्रमाने पाहण्यासारखे आहे.

प्रथम गेला महिंद्र युनायटेड. १९६२ साली स्थापन झालेला हा कंपनीचा संघ २००५-०६ मध्ये राष्ट्रीय विजेता ठरला होता. ड्युरँड चषक आणि फेडरेशन चषक त्याने एकाहून अधिक वेळा जिंकले होते. मार्च २०१० मध्ये मालक कंपनीने हंगामाच्या शेवटी संघ विसर्जित करण्याचे घोषित केले. येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. कंपनी बुडाली नव्हती. ती चांगली सुस्थितीत होती. यापुढे शालेय फुटबॉलकडे लक्ष द्यावे, असा तिचा निर्णय झाला, एवढेच. म्हणजे अशा क्लबास मरण येण्यासाठी मालकाचे दिवाळे निघण्याचीही जरूर नसते. त्याचे मन दुसरीकडे वळले तरी पुरे होते. पुढच्याच वर्षी पंजाबातील फगवाड्याचा जे.सी.टी. हा गिरणीचा संघ, ज्याने १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकली होती, तोही याच मार्गाने गेला.

महिंद्रच्या विसर्जनाने राहिलेल्या क्लबांस तात्कालिक लाभ झाला, हे प्रामाणिकपणे मान्य करावयास हवे. कसलेले खेळाडू एकाएकी मोकळे झाले व इतर संघांनी ते उचलले. अशा वेळी घेणाऱ्याचे पारडे जड असते. एकाच उन्हाळ्यात वीस-पंचवीस खेळाडू नोकरीच्या शोधात निघाले, म्हणजे मोबदल्याची घासाघीस कोणाच्या बाजूने होणार हे सांगावयास नको. परंतु हा लाभ एका हंगामाचा. तोटा मात्र वर्षानुवर्षे चालू राहतो. शहरात दोन-तीन बलवान संघ असले की, सतरा-अठरा वर्षांच्या मुलास एका दारातून नकार मिळाला तरी दुसरे दार ठोठावता येते. अंबरनाथहून अथवा टिटवाळ्याहून पहाटेच्या गाडीने बूट पिशवीत घालून निवडचाचणीस जाणाऱ्या मुलाच्या दृष्टीने क्लब बंद होणे म्हणजे ठोठावण्याचे एक दार कमी होणे होय. ज्या शहरात दारे कमी होतात, तेथील मुले हळूहळू ठोठावणेच सोडून देतात. आणि मग दहा वर्षांनी उरलेला क्लब स्थानिक खेळाडू मिळत नाहीत म्हणून तक्रार करतो.

त्यातच मैदानाची अडचण उभी राहिली. कूपरेजच्या मैदानाचे नूतनीकरण निघाल्यामुळे मुंबईच्या क्लबांना काही काळ आपले ‘घरचे’ सामने पुण्यास बालेवाडी येथे खेळावे लागले. घर मुंबईत आणि घरचे सामने पुण्यात! अशा स्थितीत तिकीटविक्रीवर क्लब कसा चालावा? २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओ.एन.जी.सी. हे दोन्ही संघ क्लब-परवान्याच्या नव्या अटी पुऱ्या करू न शकल्याने लीगबाहेर झाले. २०१५ मध्ये पुणे एफ.सी. या अशोक पिरामल समूहाच्या क्लबाने आवरते घेतले. दोन वर्षांपूर्वीच तो राष्ट्रीय लीगमध्ये दुसरा आला होता. त्याच वर्षी कल्याणी समूहाचा भारत एफ.सी. हाही एकच हंगाम खेळून मिटला. पुण्याच्या शिवाजियन्स या जुन्या क्लबास डी.एस.के. समूहाने हाती घेतले होते; तो समूह आर्थिक संकटात सापडला आणि २०१७-१८ मध्ये संघ मैदानात उतरला नाही. त्याच सुमारास मुंबई एफ.सी. २०१६-१७ मध्ये तळाशी जाऊन लीगबाहेर पडला, तो पुन्हा उभा राहिला नाही.

एकामागून एक गेलेल्या या क्लबांपैकी कोणाच्या जाण्याने कोण बळावला? पुण्यात एका वेळी दोन-तीन क्लब होते. त्यांपैकी प्रत्येकाच्या जाण्यानंतर उरलेला क्लब अधिक प्रबळ व्हावयास हवा होता. प्रत्यक्षात प्रत्येकाच्या जाण्याने पुढच्याचे पाऊल अधिक डळमळीत झाले. एका क्लबाच्या बंद होण्याने प्रेक्षक दुसऱ्या क्लबाकडे वळत नाही. तो बहुधा घरीच बसतो. शिवाय नवा धनिक क्लबात पैसा घालण्यापूर्वी शेजारी काय घडले हे पाहतो, आणि जाहिरातदारही पाहतो.

आता गोव्याकडे वळू. कारण प्रतिस्पर्ध्याच्या जाण्याचे सर्वांत विलक्षण फळ तेथून निघाले. आय-लीग या नावाने स्पर्धा २००७-०८ मध्ये सुरू झाली आणि पहिली सहाही विजेतेपदे गोव्याच्याच क्लबांनी घेतली : धेंपो तीन वेळा, चर्चिल ब्रदर्स दोन वेळा आणि साळगावकर एकदा. इतक्या लहान प्रदेशाची ही कामगिरी अपूर्वच म्हटली पाहिजे. तिचे रहस्य काय होते? हे क्लब एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर होते आणि दर आठवड्यास एकमेकांशी झगडून एकमेकांस धार लावीत होते. २०१६ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने सुपर लीगला अग्रस्थान देण्याचा आराखडा पुढे केला. ज्या स्पर्धेत वर चढण्याचा मार्गच नाही, तीत राहून काय करावयाचे, अशा भूमिकेने साळगावकर व स्पोर्टिंग क्लब दि गोवा यांनी प्रथम आणि धेंपोने त्यानंतर राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले.

या माघारीने लीगमध्ये जागा रिकाम्या झाल्या. मिझोरामचा ऐझॉल एफ.सी. हा नुकताच खालच्या श्रेणीत ढकलला गेलेला संघ होता. त्यास परत बोलाविण्यात आले. त्याच सुमारास मुंबई एफ.सी. ने आपले प्रशिक्षक खालिद जमील यांना निरोप दिला होता. सुमारे सात वर्षे त्यांनी तो संघ तुटपुंज्या साधनांनिशी राष्ट्रीय लीगमध्ये टिकवून धरला होता. जमील ऐझॉलला गेले आणि मुंबईच्या संघातून जयेश राणे व आशुतोष मेहता हे खेळाडूही तेथे पोहोचले. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँग येथे अखेरचा सामना बरोबरीत सोडवून ऐझॉलने मोहन बागानला एका गुणाने मागे टाकले आणि राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. ज्या हंगामात हा पराक्रम झाला, त्याच हंगामात मुंबई एफ.सी. सर्वांत तळाशी राहिला. जमील २०२५ मध्ये भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले.

या कथेवरून कोणी म्हणेल, ‘पाहा, गोव्याच्या क्लबांच्या जाण्याने ऐझॉलचे भाग्य उजळले, तेव्हा एकाचे मरण ते दुसऱ्याचे जीवन.’ क्षणभर तसे वाटते खरे. पण ऐझॉलने लीग जिंकली ती कोणती? वर जाण्याचा रस्ता बंद झालेली. विजेतेपद मिळवूनही सुपर लीगचे दार त्यास उघडले नाही. ज्या कारणास्तव गोव्याचे क्लब गेले, तेच कारण वारसाहक्काने ऐझॉलच्या पदरी पडले.

परदेशातील एक उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. स्कॉटलंडमध्ये ग्लासगो शहरी रेंजर्स आणि सेल्टिक यांचे वैर शतकाहून जुने. १४ फेब्रुवारी २०१२ रोजी कराच्या थकबाकीने जर्जर झालेला रेंजर्स न्यायालयीन प्रशासकाच्या हाती गेला व पुढे जुनी कंपनी मोडीत निघाली. नव्या कंपनीस थेट वरिष्ठ श्रेणीत घ्यावे की नाही, हा प्रश्न इतर क्लबांपुढे आला. घेतले तर तिकिटाचे व प्रक्षेपणाचे उत्पन्न राहील; न घेतले तर ते बुडेल. परंतु ज्याने देणी बुडविली त्यास शिक्षा नसेल तर प्रामाणिकपणे हिशेब ठेवणाऱ्यांनी काय करावे, असा त्यांच्याच प्रेक्षकांचा सवाल होता. जुलैमध्ये क्लबांनी प्रवेश नाकारला आणि रेंजर्सला चौथ्या श्रेणीतून प्रारंभ करावा लागला. रिकाम्या जागी डंडी या क्लबास वर घेण्यात आले. तो वर्षअखेर तळाशी जाऊन पुन्हा खाली आला. ऐझॉलप्रमाणे प्रत्येकाचे नशीब फळते असे नाही! सेल्टिकने विजेतेपदे ओळीने मिळविली. परंतु चार हंगाम साखळीत जुन्या वैऱ्याशी गाठ नव्हती, आणि त्या विजयांचा स्वाद पूर्वीसारखा नाही, ही टीका सेल्टिकला सतत ऐकावी लागली.

त्या प्रकरणातील एक आकडा मात्र मनात ठेवण्यासारखा आहे. १८ ऑगस्ट २०१२ रोजी चौथ्या श्रेणीतील एका किरकोळ सामन्यास रेंजर्सच्या मैदानावर ४९,११८ प्रेक्षक आले. कंपनी बुडाली, मालक गेले, नामांकित खेळाडू पांगले. पण क्लबावर आपली मालकी आहे असे मानणारी माणसे जागेवरच राहिली. त्यांच्याच बळावर २०१६ मध्ये रेंजर्स वरिष्ठ श्रेणीत परतला. महिंद्र युनायटेड किंवा पुणे सिटी यांच्या बाबतीत असे घडू शकले नाही. त्यांच्या चाहत्यांचे प्रेम कमी होते असे नाही. त्या प्रेमास बसण्यासाठी घरच नव्हते. मैदान सरकारचे किंवा संघटनेचे, पैसा एका समूहाचा, निर्णय संचालकांच्या खोलीत होणार. प्रेक्षकाच्या हाती फक्त तिकीट.

हैदराबादचे पुढे काय झाले हेही येथे सांगितले पाहिजे. पुण्याच्या जागी आलेला तो क्लब २०२१-२२ मध्ये विजेता झाला आणि त्यानंतर दोनच वर्षांत थकलेल्या पगारांमुळे त्याचे खेळाडू पांगले. २०२३-२४ च्या हंगामात त्याने एकच सामना जिंकला. अशा संघाविरुद्ध मिळविलेल्या गुणांचे मोल ते काय? पुढे तो क्लबही हैदराबादहून दिल्लीस हलविण्यात आला. आणि २०२५ च्या उन्हाळ्यात तर एका क्लबाचे संकट सर्वांचे झाले. स्पर्धा चालविणाऱ्या कंपनीचा महासंघाशी असलेला पंधरा वर्षांचा करार डिसेंबरात संपणार होता. नवा करार होईना, म्हणून जुलैत सुपर लीग स्थगित झाली. काही क्लबांनी खेळाडूंचे वेतन तात्पुरते रोखले. वर्षअखेर मुंबई सिटीतून तिचे इंग्रज भागीदारही बाहेर पडले. शेजाऱ्याच्या घरास आग लागली असता आपली भिंत पक्की आहे असे ज्यांस वाटत होते, त्यांना भिंत सामायिक असल्याचे त्या दिवशी कळले.

मग उपाय काय? काही उपाय नियमांचे आहेत. हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक क्लबाचे हिशेब तपासणे, खेळाडूंच्या वेतनाची हमी आगाऊ ठेवून घेणे आणि प्रक्षेपणाचे उत्पन्न बलवान व दुर्बल यांच्यात वाजवी प्रमाणात वाटणे, हे ते होत. यांपैकी शेवटच्या उपायास श्रीमंत क्लब नेहमी कुरकुरतात. परंतु तो दानधर्म नसून आपल्याच पुढील सामन्याचा विमा होय. जर्मनीत क्लबातील बहुमत सभासदांकडेच राहावे असा दंडक आहे, तोही विचारात घेण्याजोगा आहे.

परंतु सभासदत्वाचा धडा घेण्यास जर्मनीस कशाला जावयास हवे? कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ साली स्थापन झाले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली. त्यांच्या आयुष्यात राज्ये बदलली, युद्धे झाली, कित्येक धनिकांचे वैभव आले आणि गेले. संस्था टिकल्या, कारण त्या एका धनिकाच्या नव्हत्या; वर्गणी भरणाऱ्या शेकडो सामान्य सभासदांच्या होत्या. आणि या दोन संस्थांनी एकमेकींचे वाचक पळविले असेही झाले नाही. एका गावात वाचनाची गोडी वाढली तर ती दुसऱ्या गावासही लागते. कोलकात्याचा मोहन बागान १८८९ चा आणि ईस्ट बंगाल १९२० चा. पुरस्कर्ते बदलले, अडचणी आल्या, तरी सभासदांच्या बळावर दोघे उभे आहेत; आणि दोघे उभे आहेत म्हणून त्यांचा सामना आजही मैदान भरवितो.

ठाणे, कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ या पट्ट्यात लाखो कुटुंबे राहतात आणि पालिकांच्या मैदानांवर सकाळ-संध्याकाळ मुले चेंडू खेळतात. अंबरनाथचा एक क्लब २०२२-२३ मध्ये आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीपर्यंत पोहोचला, ही शुभ घटना आहे. परंतु एका क्लबाने भागणार नाही. त्याच्याशी झुंजण्यास कल्याणचा एक हवा, ठाण्याचा एक हवा. आणि प्रत्येकामागे एक मोठा धनी असण्यापेक्षा थोडी थोडी वर्गणी देणारी हजार घरे हवीत. तसे झाले, तर एखाद्या वर्षी समोरचा क्लब अडचणीत आल्याची वार्ता कानी पडताच या गावचे लोक आनंद मानणार नाहीत. पुढच्या हंगामात आपण कोणाशी खेळणार, ही काळजी त्यांना प्रथम वाटेल. आणि ती काळजी वाटणे हेच खेळ समजल्याचे लक्षण होय.